तेंगेर आणि रानशेणीचा धूर: एका मंगोल गायक-संगीतकाराची गाणी कशी ऐकावीत (शीर्षक दुरुस्त केलं आहे)

माळरान

खोमी या मंगोल कंठगायनाच्या धाग्यावर तेंगेरचं नाव चारपाचदा आलं आणि दर वेळी कुणीतरी "तोच ना, घशातून एकदम दोन सूर काढणारा?" असं लिहिलं. तेंगेर खोमी गात नाही. तो गीतकार-संगीतकार-गायक आहे, आणि त्याची खरी गंमत चालीत आणि शब्दांत आहे. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

आधी माणूस. जन्म १५ जानेवारी १९६०, चीनच्या अंतर्मंगोलियात, ओर्दोस पठारावरच्या ओतोग होशूत. होशू म्हणजे कागदोपत्री तालुक्यासारखी पायरी, पण ओतोगचं क्षेत्रफळ सुमारे २० हजार चौरस किलोमीटर आहे, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा जास्त. ओर्दोसला तीन बाजूंनी पीत नदीचा वळसा, उत्तरेला कुबुची वाळवंट, दक्षिणेला मू-उस वाळूचा पट्टा. हा नकाशा डोळ्यांसमोर ठेवा, पुढे लागेल.

१९७५ साली, पंधराव्या वर्षी, तो अंतर्मंगोलियाची राजधानी होहोत इथल्या कलाशाळेत दाखल झाला आणि सानश्येन हे तीन तारांचं वाद्य शिकला. पुढे त्यांजिनच्या संगीत महाविद्यालयात शिक्षण, आणि मग बीजिंगमधल्या मध्यवर्ती सरकारी गीत-नृत्य पथकात नोकरी. म्हणजे कुरणातून थेट रंगमंचावर आलेला लोकगायक, ही जी प्रतिमा विकली जाते ती अर्धीच खरी. स्वरलेखन, वाद्यवृंदाची मांडणी हे सगळं तो रीतसर शिकलेला आहे.

१९८६ साली 'मोंगोल हुन' (अर्थ: मंगोल माणूस) हे गाणं आलं आणि नाव झालं. १९९३ साली त्याने स्वतःचा बँड काढला, नाव 'निळा लांडगा'. हे नाव कुठून आलं ते मंगोलांना सांगावं लागत नाही: 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या तेराव्या शतकातल्या ग्रंथाची सुरुवातच बोर्ते चिनो म्हणजे करडा-निळा लांडगा आणि हरिणी या पूर्वजांपासून होते. १९९५ साली चित्रपट, त्यात अभिनय आणि संगीत दोन्ही. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात 'स्वर्ग', शब्द आणि चाल दोन्ही त्याचीच. चीनमध्ये आजही तेंगेर म्हटलं की हेच गाणं.

आता मुद्द्याचं. चीनमध्ये मंगोल वंशाचे लोक ६० लाखांहून जास्त आहेत. स्वतंत्र मंगोलिया देशाची सगळी लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास. पण अंतर्मंगोलियाच्या सुमारे २ कोटी ४० लाख लोकांत पाचातला एकही मंगोल नाही. त्यामुळे इथल्या मंगोल संगीतकारापुढे पहिल्या गाण्यापासून एकच प्रश्न असतो: कोणत्या भाषेत गायचं? तेंगेर दोन्ही भाषांत गातो, आणि भाषा बदलली की गाणं बदलतं.

'मोंगोल हुन'च बघा. शब्द मंगोलिया देशातले कवी चिमिद यांच्या कवितेचे, म्हणजे सीमेपलीकडचे. चाल तेंगेरची, अलीकडची. मूळ मंगोल कवितेत पहिल्याच ओळीत 'अर्गल'चा धूर आहे. अर्गल म्हणजे गोवरी. गोवरीच्या धुरानं भरलेल्या गुराख्याच्या घरात मी जन्मलो, अशी सुरुवात. चिनी शब्दांत त्याचं झालं: पांढराशुभ्र नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा) तंबू आणि वर चढणारा स्वयंपाकाचा धूर. गोवरी गेली, पांढरा रंग आला. शेणाच्या धुराचा वास येणारं घर एका झटक्यात पर्यटन खात्याच्या चित्रासारखं झालं. चाल तीच, ठेका तोच.

म्हणून सुचवतो: आधी मंगोल भाषेतलं ऐका, मग चिनी, मग पुन्हा मंगोल. तिसऱ्या वेळी पहिल्या ओळीतला 'अर्गल' कानाला आपोआप सापडतो.

---

ध_ते_सा

छान धागा. स्वरांबद्दल लिहितो, कारण "मंगोल गाणी भूपसारखी वाटतात" हे वाक्य दहा ठिकाणी वाचलं आहे आणि ते निम्मंच बरोबर आहे.

पाच स्वर तेच, फरक षड्ज कुठे मानायचा याचा. भूप घ्या: सा रे ग प ध. आता मूर्च्छना फिरवा, म्हणजे त्याच पाचांतला दुसरा स्वर सा माना.

रे ला सा मानलं तर मध्यमाद सारंग (सा रे म प नि॒). ग ला मानलं तर मालकंस. प ला मानलं तर दुर्गा. ध ला मानलं तर धानी (सा ग॒ म प नि॒).

अंतर्मंगोलियाच्या लोकगीतांत सगळ्यात जास्त आढळते ती शेवटची चौकट, धैवतावर टेकणारी. म्हणजे पेटीवर काळी एकच्या भूपाचे पडदे दाबत बसलात आणि गाणं धैवतावर येऊन थांबलं की "संपलं कसं नाही?" असं वाटतं. ते संपलेलं असतं. तुमचा सा चुकलेला असतो.

बसवायचं असेल तर असं करा. तानपुरा गाण्याच्या शेवटच्या लांब स्वरावर लावा, सुरुवातीच्या स्वरावर नको. पंचमाची तार ठेवा, धानीत पंचम आहे. मग गाणं धानीच्या पडद्यांवर शोधा.

आता बिघडतं कुठे. एक, गंधार कोमल दिसला की आपला हात त्याला आंदोलन द्यायला जातो. तिथे आंदोलन नसतं, स्वर सरळ उभा राहतो. दोन, आपण सलग स्वरांनी वर चढतो. मंगोल चाल उडी मारते: चौथा, पाचवा, कधी थेट आठवा स्वर. ओर्दोसची गाणी तर मोठ्या उड्यांसाठीच ओळखली जातात. त्या उडीत मधले स्वर भरले, मींड घेतली, की गाणं लगेच ठुमरीसारखं वाटायला लागतं आणि सगळा माळ नाहीसा होतो. तीन, पेटी. पेटीवर सांगाडा मिळतो, पण शेवटचा स्वर सोडताना गळा जो किंचित खाली घसरतो तो मिळणार नाही. व्हायोलिन किंवा सारंगी बरी.

---

सतरंजी

वाचनखूण साठवली. एक शंका: खोमी नाही म्हणता, मग तो आवाज इतका खरखरीत का? 'स्वर्ग'च्या शेवटी तर घसा फाटतोय असं वाटतं.

---

नादखूळ

सतरंजी, खरखर आणि खोमी या वेगळ्या गोष्टी आहेत.

खोमीत गायक एकच खालचा स्वर सलग धरतो आणि जीभ, ओठ, गालफडं यांच्या हालचालीने त्याच स्वरातले वरचे अंश एकेक करून उठवतो. शिट्टीसारखा ऐकू येतो तो सूर हा अंश. आकड्यांत सांगायचं तर खालचा सा १०० कंपनांचा धरला तर सहावा अंश ६०० म्हणजे प, आठवा ८०० म्हणजे सा, नववा ९०० म्हणजे रे, दहावा १००० म्हणजे ग, बारावा १२०० म्हणजे पुन्हा प. अकरावा ११०० हा शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मध्ये अडकतो, म्हणून टाळतात. तेरावाही कोमल आणि शुद्ध धैवताच्या मध्ये पडतो. तेव्हा खोमीत भूपचे चार स्वर आयते मिळतात, पण धैवत स्वच्छ मिळत नाही. ध_ते_सा यांनी सांगितलेली धैवतावर टेकणारी चौकट नुसत्या खोमीवर स्वच्छ गाता येत नाही, याचं कारण हेच.

खारखिरा म्हणून आणखी एक प्रकार आहे. त्यात खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या घड्याही कंप पावतात आणि गायचा स्वर एक सप्तक खाली ऐकू येतो. गुरगुर म्हणतात ती हीच.

तेंगेर यातलं काही करत नाही. तो छातीच्या आवाजात गातो आणि वरच्या पट्टीतही तो आवाज सोडत नाही. मंगोल लांब गाण्यात, ज्याला उर्तीन दू म्हणतात, सगळ्यात वरच्या स्वरांवर गायक बारीक आवाजात जातो. त्याला शुरान्हाय म्हणतात. तेंगेर त्या जागी छातीचा आवाज ओढून वर नेतो, तो ताणला जातो आणि फाटतो. हा रॉकचा संस्कार. 'स्वर्ग'च्या शेवटची किंकाळी त्यातूनच येते.

नक्कल करणाऱ्यांसाठी: खरखर मुद्दाम काढायला गेलात तर पाच मिनिटांत घसा बसेल. दाब श्वासाचा हवा, गळ्याचा नको. मान पुढे आली, जबडा आवळला, की चुकलंच समजा.

---

माळरान

नादखूळ, एकदम नेमकं. उर्तीन दूचा विषय निघालाच आहे तर थोडी भर.

२००५ साली युनेस्कोने उर्तीन दूला मान दिला तो मंगोलिया आणि चीन यांच्या संयुक्त प्रस्तावावर. सीमा मध्ये असली तरी गाणं एकच, हे निदान कागदावर मान्य झालं. या गाण्याला ठेका नसतो, चार मिनिटांत दहाएक शब्द होतात. व्यंजन पटकन उच्चारून टाकतात आणि पुढचा सगळा वेळ स्वर ताणला जातो. त्या ताणलेल्या स्वरावर गळ्याची जी हलणी होते ती नुगला. आपली मुरकी स्वरांच्या टप्प्यांवरून जाते, नुगला एकाच स्वराभोवती थरथरते आणि मग खाली उतरते.

तेंगेरची गाणी उर्तीन दू नाहीत. ती ठेक्यातली, कडव्या-धृपदाची गाणी आहेत. पण ओळीच्या शेवटी तो ठेका ढिला सोडतो आणि तिथे नुगलाची सावली पडते. ड्रमवाला तालात चालत असतो आणि गायक अर्धी मात्रा मागे रेंगाळतो. वाद्यवृंदात बसवताना बहुतेकांची तिथेच फसगत होते: गायकाला तालात आणतात आणि गाणं लष्करी कवायतीसारखं वाजतं.

---

उच्चारखूण

उच्चारांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

मंगोल 'ओ' हा आपल्या 'ओ'पेक्षा उघडा आहे, 'ऑफिस'मधल्या 'ऑ'च्या जवळचा. म्हणजे 'मोंगोल' प्रत्यक्षात 'मॉंगॉल' असं ऐकू येतं, आणि दुसरा स्वर अगदी पुसट. 'हुन'मधला 'ह' घशाकडून घासत येतो, उर्दूतल्या नुक्तेवाल्या 'ख़'सारखा. त्यातला 'उ' मात्र आपलाच, ओठ गोल करून म्हटलेला.

स्वरांची दोन घराणी आहेत. अ, ऑ आणि उघडा उ एका बाजूला. ए, मिटता ओ आणि आपला उ दुसऱ्या बाजूला. एका मूळ शब्दात सहसा एकाच घराण्याचे स्वर येतात, इ दोन्हीकडे चालतो. गाताना याचा फायदा असा की शब्दाच्या पहिल्या स्वराला तोंड जसं उघडलं तसंच शेवटपर्यंत ठेवता येतं. लांब ताना सोप्या होतात.

दुसरं, मंगोल कवितेत यमक ओळीच्या सुरुवातीला असतं. आपल्याकडे अभंगात-ओवीत कान ओळीच्या टोकाला लागलेला असतो, तिथे तो ओळीच्या तोंडाला लावावा लागतो. चिमिद यांच्या कवितेत पहिली ओळ 'अर्गल'ने सुरू होते आणि तिसरी 'अतर'ने, म्हणजे न नांगरलेलं कुरण. अ ला अ. चिनीत हे टिकणं शक्यच नाही, कारण शब्दच वेगळे. त्यामुळे माळरान म्हणतात तो धूर जातोच, शिवाय गाण्याला आतून बांधणारी दोरीही जाते. मंगोलमध्ये गायक ओळीच्या पहिल्या अक्षरावर जो किंचित जोर देतो, तो चिनी आवृत्तीत विनाकारण दिल्यासारखा वाटतो.

आणि नाव: 'तेंगेर' म्हणजे आकाश. हवामान आणि देव यांनाही हाच शब्द. आकाश नावाच्या माणसाने 'स्वर्ग' नावाचं गाणं लिहिलं, ही कोटी चिनी श्रोत्याला ऐकू येत नाही.

---

वाद्यवखार

सानश्येनबद्दल दोन ओळी हव्यात, कारण संगीतकाराचं पहिलं वाद्य त्याच्या चालींत दिसतं.

तीन तारा, लांब दांडी, खाली साप-अजगराच्या कातड्याने मढवलेला लहानसा डबा. पडदे नाहीत. मंगोल लोक त्याला शांझ किंवा शुद्रग म्हणतात. नेहमीची लावणी सा-प-सा. पडदे नसल्याने सरोदसारखी घसीट मिळते, पण तुंबा लहान आणि कातडी घट्ट म्हणून नाद लवकर मरतो. सूर लांबवायचा तर एकच तार भराभर छेडत राहावं लागतं. ओर्दोसच्या मेजवान्यांतली गाणी याच वाद्यावर, सोबत यांगचिन (आपल्या संतूरचा भाऊबंद), बासरी आणि चार तारांची हूचिर.

हूचिर मजेशीर आहे. चार तारा दोन जोड्यांत लावतात: पहिली-तिसरी एका स्वरात, दुसरी-चौथी त्याच्या पंचमात. गजाचे केस दोन बटांत विभागून तारांच्या मधून घातलेले असतात, म्हणजे एका ओढीत जोडीच्या दोन्ही तारा वाजतात. गज काढून बाजूला ठेवता येत नाही. दोन बटांचा ताण सारखा नसला की जोडीतली एक तार किंचाळते आणि दुसरी गप्प राहते. नवशिके राळ वाढवत बसतात, त्याने किंचाळणं वाढतं. आधी ताण सारखा करायचा.

मोरिन हूर सगळ्यांना माहीत असतं, घोड्याच्या मुंडक्याचं. दोन तारा, त्या दोरीसारख्या पिळलेल्या नसतात, केस समांतर ठेवलेले असतात. परंपरेत जाड तार घोड्याच्या शेपटीच्या १३० केसांची, बारीक तार घोडीच्या १०५ केसांची. हल्ली बऱ्याचदा नायलॉन. तार पाटीवर दाबत नाहीत. बोटाने बाजूने ढकलतात, जाड तारेला नखाच्या मुळाने. सारंगीवाल्यांना हे लगेच कळेल.

आपल्याकडे कुणी मागवणार असेल तर कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात केसांची तार ओल पिऊन लांबते, सकाळी लावलेली संध्याकाळी उतरते. नायलॉनची घ्या. पोटाला लाकडी पाटी असलेलंच घ्या. जुन्या धर्तीचं कातडी पोटाचं वाद्य दमट हवेत ढिलं पडतं आणि घोडी (वाद्याची!) खाली बसते.

---

तिसरी_घंटा

चित्रपटाबद्दल कुणीच लिहिलं नाही. चीनमध्ये नाव 'काळा घोडा' अशा अर्थाचं, दिग्दर्शक श्ये फेई, १९९५. कथा जांग छंगजी या लेखकाची. हा लेखक स्वतः ह्वे मुसलमान, सांस्कृतिक क्रांतीच्या काळात शहरी तरुणांना खेड्यात धाडलं तेव्हा अंतर्मंगोलियातल्या उजुमचिनच्या कुरणात राहिलेला. म्हणजे मंगोल जगाबद्दल बाहेरून आलेल्या, पण तिथे राहून भाषा शिकलेल्या माणसाने लिहिलेलं.

कथेचा सांगाडाच एक जुनं लोकगीत आहे, 'गांगा हारा', म्हणजे तुकतुकीत काळा घोडा. स्वार घोड्यावर बसून एका मुलीच्या शोधात निघतो, जिथे जातो तिथे ती पुढे गेलेली असते. तेंगेरने यात नायक केला, नायिका नारेनह्वा. दोघंही मंगोल, संवादही मंगोल भाषेत. त्या वर्षी मॉन्ट्रियलच्या महोत्सवात श्ये फेईला दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं आणि तेंगेरच्या संगीताला कलात्मक योगदानाचं.

संगीतकाराच्या दृष्टीने ही अवघड कामगिरी होती. जुनं गीत तसंच ठेवलं तर तो माहितीपट होतो, त्यावर तंतुवाद्यांचा ताफा चढवला तर त्याचं पोस्टकार्ड होतं. आपल्याकडे लोकगीतं पडद्यावर आणताना नेमकं हेच बिघडत आलं आहे, उदाहरणं तुम्हीच आठवा.

---

खडा_सवाल

सगळं ठीक, पण एक बाजू राहतेय. हाच माणूस २०१८च्या सुमारास तरुण गायिकांची गोडगोड पॉप गाणी आपल्या भसाड्या आवाजात गाऊन इंटरनेटवर गाजला. कॅलरी जाळण्याबद्दलचं नाचगाणं तेंगेरच्या तोंडी! याला काय म्हणायचं? आणि 'स्वर्ग' तरी काय आहे: निळं आकाश, स्वच्छ तळं, हिरवं कुरण, पांढरी मेंढरं. माळरान यांनी चिनी शब्दांना पर्यटन खात्याचं चित्र म्हटलं, मग हे दुसरं काय?

---

माळरान

सवाल रास्त आहे.

पॉप गाण्यांचं मी समर्थन करणार नाही, करमणूक म्हणून ठीक. फक्त ती ऐकताना एक दिसतं: नाजूक गाणं तो तसंच्या तसं गातो, गंमत करतोय असा आव आणत नाही. हसू येतं ते त्यामुळे.

'स्वर्ग'बद्दल मात्र असहमत. ते गाणं चिनी भाषेत आहे, आणि त्याची सुरुवातीची विशेषणं दुहेरी आहेत: लान-लान, छिंग-छिंग, लू-लू. चिनीत ही द्विरुक्ती लहान मुलाच्या बोलण्याची, लाडाची. मराठीत 'निळं निळं पाणी' म्हटल्यावर जी बडबडगीताची छटा येते तीच. कडव्यांत गायक लहान मूल होऊन घराची यादी सांगतो, जवळजवळ बोलल्यासारखी, खालच्या पट्टीत. आणि धृपदात तेच 'माझं घर' फाटक्या आवाजात ओरडून म्हणतो. आहे त्या घराबद्दल कुणी असं ओरडत नाही.

आता पहिल्या प्रतिसादातला नकाशा आठवा. कुबुची वरून, मू-उस खालून. विसाव्या शतकात कुरणं नांगरली गेली, चराई एका जागी दाटली, वरचा गवताचा थर फाटला की खालची वाळू मोकळी होते आणि मग वारा तिला थांबू देत नाही. पुढे कोळसाही निघाला, आणि २००१ साली जुन्या येख-जू (मोठं देऊळ) विभागाचं 'ओर्दोस शहर' झालं. मू-उसमध्ये नंतर झुडपं लावून बरीच वाळू अडवली आहे, हेही खरं. पण गाणं लिहिलं गेलं तेव्हा निळं-हिरवं म्हणणारा माणूस कुठून आला होता, हे श्रोत्याला ठाऊक होतं. शब्दांत वाळूचा एक कणही नाही. ती सगळी आवाजात आहे.

---

उच्चारखूण

माळरान यांना अनुमोदन. दोन भाषांच्या मुद्द्यात एक अलीकडची नोंद घाला. सप्टेंबर २०२० पासून अंतर्मंगोलियाच्या मंगोल माध्यमाच्या शाळांत भाषा-साहित्य, राजकारण आणि इतिहास हे तीन विषय टप्प्याटप्प्याने चिनीतून शिकवायचं ठरलं. पालकांनी मुलांना शाळेतून काढून निषेध केला. १९८६ साली 'मोंगोल हुन'चे शब्द ऐकताच समजणारी पिढी आणि आजची पिढी यांत हा फरक पडणार.

लिपीचंही लिहितो: मंगोलिया देशाने १९४०च्या दशकात सिरिलिक घेतली, अंतर्मंगोलियात जुनी उभी लिपी राहिली. तीच कविता दोन्हीकडे दोन लिप्यांत छापलेली मिळते. वाचता न येणारेही एकमेकांचं गाणं मात्र ऐकून समजू शकतात. गाण्याचं महत्त्व तिथे वाढतं ते अशा कारणांनी.

---

सतरंजी

शोधताना भलतंच काहीतरी येतंय. जड गिटारचा धांगडधिंगा लागला!

---

नादखूळ

तो 'तेंगेर कॅव्हलरी' हा वेगळा बँड. लोकसंगीत आणि मेटल यांची सरमिसळ, बीजिंगमध्ये सुरू झालेला, संस्थापक २०१९ साली वारला. शिवाय 'तेंगेर' नावाची कोरियन-जपानी जोडीही आहे, ती शांत इलेक्ट्रॉनिक संगीत करते. तेंगेर नावाचं वाळवंट आहे. आणि जावा बेटावर ब्रोमो ज्वालामुखीजवळ तेंगेर नावाचे हिंदू लोक राहतात, त्यांचा मंगोलांशी काही संबंध नाही.

मंगोल नावात आडनाव नसतं, त्यामुळे नुसतं नाव टाकून भागत नाही. सोबत 'ओर्दोस' किंवा गाण्याचं नाव टाका. चिनी यादीत तो तीन अक्षरांनी लिहिलेला असतो, उच्चार थंग-ग-अर असा काहीसा.

त्याच्यानंतरचे ऐकायचे असतील तर होहोतचा 'आंदा युनियन' आणि बीजिंगचा 'हांगाय'. हांगायवाले पंककडून लोकसंगीताकडे आले, तेंगेर उलट दिशेने गेला. दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर फरक कळतो: हांगायमध्ये वाद्यं जुनी आणि जोश नवा, तेंगेरमध्ये वाद्यं बरीचशी नवी आणि ओळ संपवायची रीत जुनी.

---

गोठा_अंगण

उशिरा आलो. गाण्यातलं काही कळत नाही, पण 'अर्गल म्हणजे गोवरी' हे दुरुस्त करा.

गोवरी आपण थापतो: ओलं शेण, त्यात भुस्सा किंवा पेंढ्याचा चुरा, हाताने गोल करून भिंतीला किंवा जमिनीवर. अर्गल कुणी थापत नाही. गुरं कुरणात चरताना पडलेलं शेण उन्हा-वाऱ्याने जागीच वाळतं आणि ते वेचून आणतात. पाठीला अरग नावाची टोपली आणि हातात सवर नावाचा लाकडी पंजा. पंजाने उचलायचं आणि खांद्यावरून मागे टोपलीत टाकायचं, वाकावं लागत नाही. याला मराठीत नेमका शब्द आहे, रानशेणी.

मंगोलांत प्रत्येकाला वेगळं नाव: गुरांचं वाळलेलं शेण अर्गल, घोड्याची लीद होमोल, मेंढीच्या लेंड्या होर्गोल, आणि वाड्यात तुडवून घट्ट झालेला थर खोर्झोन, तो फावड्याने विटेसारखा कापून काढतात. खोर्झोन सगळ्यात जास्त वेळ जळतो. अर्गल लवकर पेटतं, पण ओलसर राहिलं तर आधी धूरच धूर. म्हणून पावसाआधी वेचून ढीग लिंपून ठेवतात. कवीने घर धुरानं भरलेलं म्हटलंय ते उगाच नाही.

---

माळरान

रानशेणीच! धन्यवाद. शीर्षक बदललं. पहिल्या प्रतिसादात आता बदल करता येत नाही, तिथे गोवरीच्या जागी रानशेणी असं वाचावं.

---

ध_ते_सा

सतरंजी, शोध लागला असेल तर तानपुरा शेवटच्या स्वरावर लावायला विसरू नका.